एका कानाचं गाढव

गावातले लोक आमच्या कॅथीड्रलला
एका कानाचं गाढव म्हणतात.
म्हणोत. कालव्याच्या वळणावरून पाहिलं तर
मलाही तसंच दिसतं:
डावा मनोरा आभाळात घुसलेला,
उजवा छपराच्या जरा वर येऊन थबकलेला,
बोलता बोलता कुणी पुढचं विसरावं, तसा.

मी इथला घंटावाला. किल्ल्या, बॉयलर,
मेणबत्त्यांचा हिशेब माझ्याकडे.
मी आयरिश नाही. आजोबा लिथुएनियाहून आले
तेव्हा याच दारात त्यांना सांगितलं गेलं,
मागच्या बाकावर बसा.
तेही या इतिहासातच धरा.

तळघरात एक वही आहे, शिसपेन्सिलीत लिहिलेली.
बार्टली कनीली, खोदकाम, दहा सेंट.
मॅलकी गेराटी, खोदकाम, दहा सेंट.
त्याचा भाऊ, ताप, काही नाही.
दिवसभर कंपनीचा कालवा खणायचे
आणि रात्री कंदिलाशी, त्याच फावड्यांनी, पाया.
बायका एप्रनचा ओचा करून माती वाहायच्या.
मागे सोडलेल्या शेतांत बटाटा काळा पडला होता.
इथली मातीच काळी.
हात घालायला त्यांना आधी भीती वाटली असेल.

त्याआधी लाकडाचं चर्च होतं.
जुलैतल्या एका रात्री ते जळलं.
कुणी जाळलं हे सगळ्यांना ठाऊक होतं,
एक शेरिफ सोडून.
म्हणून मग दगड.

पहिला पाद्री फ्रेंच, फादर देलोर्म.
जाळीपलीकडून लोक आपल्या बोलीत पापं सांगायचे,
त्याला अक्षर कळायचं नाही.
आवाज जड झाला की मान हलवायचा
आणि लॅटिनमध्ये क्षमा करायचा.
लॅटिन त्यांना कळायचं नाही.
माणसं हलकी होऊन घरी जायची.

होनोरा टूही, मोलकरीण, पंचवीस सेंट.
दर शनिवारी. एकोणीस वर्षं.
फक्त एका फेब्रुवारीत नावापुढे नुसती रेघ,
आणि पुढच्या शनिवारी पन्नास.
मधल्या आठवड्यात काय झालं, वही सांगत नाही.
मी बेरीज केली: दोनशे सत्तेचाळीस डॉलर.
तेवढ्यात तेव्हा एक रंगीत खिडकी यायची.
आली. खिडकीवर नाव गिरणीमालकाचं आहे.

उजव्या मनोऱ्याचे दगडही आले होते,
घडवून, आकडे घालून, अंगणात रचलेले.
त्याच हिवाळ्यात गिरणीला टाळं लागलं.
चौदा आठवडे.
बिशप एक रात्र गाभाऱ्यात बसून राहिला म्हणतात,
मी तेव्हा नव्हतो.
सकाळी त्याने दगड रेल्वेला विकले
आणि पीठ घेतलं.
पुढचे तीन बिशप मनोऱ्याचं वचन देत राहिले.

आता कनीली, गेराटी सगळे उपनगरांत.
लग्नाला येतात, मयतीला येतात,
खिडकीखाली फोटो काढतात.
रविवारी दुपारची मिस्सा ब्रह्मदेशातल्या डोंगरांतून
आलेल्यांची, आणि फादर नायजेरियाचे.
म्हातारी सू मेह कबुलीजबाबाला बसते
तेव्हा मी जवळची फरशी मुद्दाम हळू पुसतो.
एक शब्द कळत नाही.
आतून फादरांचं "हं, हं" ऐकू येतं.

तिच्या नातवाने परवा विचारलं,
दुसरा कान कुठे गेला?
त्याला कालव्यावरच्या रेल्वेपुलाखाली नेलं.
पाणी उतरलं होतं,
शेवाळाखाली आकडे दिसत होते:
उ चौदा, उ पंधरा, उ सोळा उलटा बसलेला.
दोन दहाची मालगाडी यायची होती.
पोराने ओल्या दगडाला कान लावला.
गुडघे कुरकुरत मीही वाकलो.